अडखळणारा संगणक आणि शंभर पानी वही

"मामा, आमचा कॉम्प्युटर वेडा झालाय!"

गेल्या मे महिन्यात एका रणरणत्या दुपारी जळगावहून माझ्या भाच्याचा फोन आला. भाचा सातवीत, त्याची ताई नववीत. आवाज रडवेला होता. मी म्हटलं, "अरे, वेडा म्हणजे नेमका काय झालाय?"

"मधेच अडखळतो. चांगला चालता चालता थांबतो. आई टाइप करते तर अक्षरं येतच नाहीत, आणि मग एकदम दहा अक्षरं धाडकन येतात. माउसचा बाण उड्या मारतो. नंतर आपोआप बरा होतो. बाबा म्हणतात, तू गेम टाकलास म्हणून हे झालं. मला हात लावायची बंदी केलीये. आणि मामा, माझ्या गेमने नाही रे झालेलं!"

बालदोस्तांनो, तुमच्यापैकी कितीजणांवर हा आरोप झाला आहे? हात वर करा बरं! घरातला संगणक बिघडला की पहिला आरोपी ठरलेला असतो, घरातलं सगळ्यात लहान माणूस.

पण या घरात प्रश्न नुसत्या गेमचा नव्हता. माझी बहीण घरी बसून मराठी टंकलेखनाची कामं करते. लग्नपत्रिका, प्रबंध, शाळांच्या प्रश्नपत्रिका असं काहीबाही. त्या पैशांतून दोन्ही मुलांच्या शिकवणीची फी जाते. संगणक अडखळू लागल्यापासून दोन तासांचं काम चार तासांवर गेलं होतं. दाजी तो डबा दुकानात घेऊन गेले, तर दुकानदार न उघडताच म्हणाला, "जुना झालाय साहेब. फॉरमॅट मारून बघू, नाहीतर नवीनच घ्या." नवीन घ्यायचा म्हणजे मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशांना हात लावायचा. संगणक होता २०१९ सालचा. इतका काही म्हातारा नाही!

मी भाच्याला विचारलं, "शंभर पानी वही आहे का रे एखादी कोरी?"

"आहे. पण वही कशाला?"

"संगणकाची नाडी बघायला!"

कधीही म्हणजे नेमकं कधी?

डॉक्टरांकडे गेल्यावर ते लगेच सुई टोचत नाहीत. आधी विचारतात, ताप कधी येतो? थंडी वाजून येतो का? काल काय खाल्लं होतं? यंत्राचंही तसंच असतं. "कधीही अडखळतो" असं आपण म्हणतो, कारण आपण लिहून ठेवलेलं नसतं. लिहून ठेवलं, की त्या "कधीही"मधून हळूहळू एक नक्षी दिसू लागते.

मी दोघा भावंडांना वहीत रकाने आखायला सांगितले. तारीख, वेळ, त्या वेळी कुठले प्रोग्रॅम उघडे होते, अडखळणं किती वेळ टिकलं, डब्यातून कसला आवाज आला. आणि शेवटचे तीन रकाने होते प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांचे.

हे शेवटचे तीन आकडे कुठून आणायचे? विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. 'टास्क मॅनेजर' नावाची खिडकी उघडते. संगणकात या क्षणी कोण किती काम करतंय, याचा हा हजेरीपटच. विंडोज एनटीच्या १९९६ सालच्या आवृत्तीपासून तो आपल्या सोबतीला आहे. पण कितीजण तो उघडून बघतात?

आणखी एक नियम मी दोनदा बजावून सांगितला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गेम काढला, सफाई केली, वायर बदलली, सगळं एकाच दिवशी केलं आणि संगणक बरा झाला, तर कशाने बरा झाला हे कधीच कळणार नाही. आणि बरा नाही झाला, तर भलतंच काही बिघडलंय का तेही कळणार नाही.

पहिला संशयित : गेम

आरोप गेमवर होता, म्हणून चौकशी त्याच्यापासूनच सुरू झाली. भाच्याने जड मनाने गेम काढून टाकला. दोन दिवस बाकी कशाला हात लावला नाही. संगणक अडखळायचा तो अडखळलाच. वहीत नोंद झाली, 'गेम निर्दोष.' भाच्याने ते लाल पेनाने लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पण खरा तपास तोच, ज्यात आपल्या विरुद्धचा पुरावाही लिहिला जातो. टास्क मॅनेजरमधला 'स्टार्टअप' हा भाग बघताना ताईला एक अनोळखी नाव दिसलं. संगणक चालू होताच आपोआप सुरू होणारा 'स्पीड वाढवणारा' फुकटचा प्रोग्रॅम. भाच्याची मान खाली गेली. "मीच टाकला होता. कॉम्प्युटर फास्ट होईल असं लिहिलं होतं..."

असे प्रोग्रॅम बहुधा स्वतःच मेमरी खातात आणि वर जाहिराती दाखवतात. तो काढून टाकला. संगणक चालू व्हायला लागणारा वेळ थोडा कमी झाला. अडखळणं मात्र थांबलं नाही. म्हणजे हा भुरटा चोर होता, दरोडेखोर दुसराच कुणीतरी!

दुसरा संशयित : मेमरी

आता थोडं समजून घेऊया. तुम्ही अभ्यासाला बसता तेव्हा लागणारी पुस्तकं टेबलावर ठेवता. बाकीची असतात माळ्यावर. टेबल म्हणजे संगणकाची मेमरी, म्हणजेच रॅम. माळा म्हणजे हार्डडिस्क. टेबल लहान आणि पुस्तकं फार झाली, की एक पुस्तक माळ्यावर टाकायचं, दुसरं खाली आणायचं, पुन्हा पहिलं हवं झालं की पुन्हा शिडी चढायची, असा खेळ सुरू होतो. रॅम भरली की संगणकही नेमकं हेच करतो.

आणि ही शिडी केवढी उंच आहे ठाऊक आहे? रॅममधून माहिती काढायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कला त्याच कामाला सुमारे १० मिलिसेकंद, म्हणजे एक लाख पट वेळ लागतो! असं समजा, की टेबलावरचं पुस्तक घ्यायला तुम्हाला एक सेकंद लागतो. मग माळ्यावरचं पुस्तक यायला लागतील जवळजवळ २८ तास!

म्हणून मेमरीवर संशय घेणं योग्यच होतं. भाचरांनी वही तपासली. अडखळण्याच्या वेळी मेमरीचा आकडा ६० टक्क्यांच्या आसपास होता. टेबलावर भरपूर जागा शिल्लक होती. मेमरीही निर्दोष सुटली. (तुमच्या घरी मात्र हा आकडा सतत ९० च्या वर दिसला, तर उघड्या ठेवलेल्या वीस-पंचवीस खिडक्या आधी बंद करून बघा.)

वहीतली नक्षी

आठ दिवसांत वहीत तेवीस नोंदी झाल्या. रात्री जेवणं झाल्यावर ताईने त्या मोठ्याने वाचायला घेतल्या, आणि एकदम थांबली. "अरे, हे दोन वेगवेगळे आजार आहेत!"

खरंच होतं. चौदा नोंदी दुपारी एक ते चारच्या दरम्यानच्या होत्या. त्यात संगणक हळूहळू मंद होई. पंखा घोंगावू लागे आणि हा प्रकार तास-दीड तास चाले. उरलेल्या नऊ नोंदी दिवसातल्या कुठल्याही वेळच्या होत्या, अगदी सकाळी सातच्यासुद्धा. त्यात मंदपणा नव्हता. संगणक एकदम दहा-वीस सेकंद गोठे आणि मग काही झालंच नाही अशा थाटात चालू लागे.

इतके दिवस घरातल्या सगळ्यांनी दोन दुखण्यांना एकच नाव दिलं होतं. म्हणूनच काही सापडत नव्हतं!

दुपारचा आजार

ज्या मोठ्या डब्याला आपण सगळे सर्रास 'सीपीयू' म्हणतो, तो खरं तर नुसता डबा, म्हणजे कॅबिनेट. खरा सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, हा आत बसवलेला बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. या घरातल्या प्रोसेसरचा वेग होता ३.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३२० कोटी ठोके. एवढी धावपळ केली की अंग तापणारच. म्हणून त्याच्यावर धातूच्या पातळ पातळ पट्ट्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा बसवलेला असतो.

पण पंखा खेचतो हवा आणि हवेबरोबर येते धूळ. पट्ट्यांच्या फटींत धुळीची गोधडी बसली, की उष्णता अडकते. प्रोसेसर शंभर अंश सेल्सिअसच्या जवळ पोचू लागला, की जळून जाऊ नये म्हणून स्वतःच आपले ठोके कमी करतो. उन्हात दमलेला बैल जशी आपली चाल मंदावतो, तसंच. तो बिघडलेला नसतो, स्वतःला वाचवत असतो.

टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स' या पानावर हा वेग दिसतो. दुपारी अडीच वाजता भाच्याने बघितलं तर ३.२ च्या जागी ०.८! गाडी पाव वेगावर आली होती. तापमान दाखवणारा कोअर टेम्प नावाचा मोफत प्रोग्रॅम टाकला, तर आकडा दिसला ९७ अंश. आणि डबा कुठे ठेवलेला? टेबलाच्या खालच्या बंद कप्प्यात, मागची बाजू भिंतीला टेकवून. बाहेर जळगावचा मे महिना!

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलांनी डबा कप्प्याबाहेर काढला, बाकी काहीही बदललं नाही. त्या दुपारी मंदपणा जवळजवळ आलाच नाही. कुणीही इथेच टाळ्या पिटल्या असत्या. ताईने मात्र तिसऱ्या दिवशी डबा मुद्दाम पुन्हा कप्प्यात ठेवला. मंदपणा परत आला! आता खात्री झाली. दोस्तांनो, शाळेच्या प्रयोगवहीत आपण 'अनुमान' लिहितो ना, ते असं मिळवायचं असतं.

मग रविवारी सफाई झाली, दाजींच्या देखरेखीखाली. तुम्हीही मोठ्या माणसाशिवाय हे करू नका. संगणक बंद केला, वायर भिंतीतून काढली, डबा गच्चीवर नेला. वायर काढल्यावर चालू करायचं बटण एकदा काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. आतल्या भागांना हात लावण्याआधी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श केला, कारण आपल्या अंगावरची स्थिर वीजसुद्धा नाजूक भागांना पुरेशी असते. रंगाचा कोरडा, मऊ ब्रश आणि रबरी फुंकणी एवढंच साहित्य. फुंकताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली. ओलं फडकं वापरायचं नाही. आणि जिथे मुख्य वायर येते ती वीजपुरवठ्याची बंद पेटी कधीच उघडायची नाही. वायर काढल्यावरही तिच्यात धोकादायक वीज साठलेली असू शकते.

ठोकळ्यावरून धुळीची अख्खी चकती निघाली. मुलांनी ती वहीत चिकटवली म्हणे! डबा आता कायमचा कप्प्याबाहेर, भिंतीपासून वीतभर पुढे. त्या दुपारचं तापमान होतं ७४ अंश.

सकाळचा आजार

राहिल्या नऊ नोंदी. त्यांत एक रकाना सारखाच होता. डिस्क १०० टक्के. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी प्रत्यक्ष वाचलेली माहिती जवळजवळ शून्य! खूप काम चाललंय, पण होत काहीच नाही. आवाजाच्या रकान्यात भाच्याने लिहिलं होतं, 'टक्... टक्... टक्.' आणि उघडलेल्या गोष्टींच्या रकान्यात नऊपैकी सात वेळा एकच नाव, 'आजोबा'.

हे ऐकलं आणि फोनवर माझ्या पोटात गोळा आला.

हार्डडिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरत असतात. त्यांच्यावरून, केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतरावरून, वाचणारी टोकं सरकतात. तबकडीवरची एखादी जागा खराब झाली, की टोक तिथलं वाचू शकत नाही. मग डिस्क चिकाटीने पुन्हा वाचते, पुन्हा, पुन्हा. तोवर सगळा संगणक तोंड उघडून वाट बघत राहतो. हेच ते गोठणं.

डिस्क आपल्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते. ती दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम मुलांनी चालवला. हिरव्या किंवा निळ्या रंगाऐवजी तिथे पिवळा रंग होता. पिवळा म्हणजे सावधान!

मी म्हटलं, "आता संगणकावर दुसरं काहीही करायचं नाही. गेम नाही, टायपिंग नाही, दुरुस्तीही नाही. आधी नक्कल काढा. जे पुन्हा मिळणार नाही, ते सगळ्यात आधी." अशा डिस्कवर दुरुस्तीचे किंवा आवराआवरीचे प्रोग्रॅम चालवले, तर ती बिचारी जास्त दमते आणि असलेलंही जाऊ शकतं. फॉरमॅट मारलं असतं तर? विचारच नको.

'आजोबा' या फोल्डरमध्ये काय होतं ते सांगतो. दाजींचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना अहिराणीतल्या खूप गोष्टी येत. भाचीने फोनवर त्यांच्या आवाजात त्या एकेक करून भरल्या होत्या आणि फोन बदलताना संगणकात ठेवल्या होत्या. अशा पंधरा गोष्टी. दुसरीकडे कुठेही नाहीत.

त्या संध्याकाळी सगळं घर पेनड्राइव्हभोवती बसलं. एक गोष्ट उतरली. दुसरी उतरली. मधेच टक् टक् टक्, वीस सेकंद शांतता. पुन्हा पुढे. रात्री साडेअकरापर्यंत चौदा गोष्टी उतरल्या. पंधरावी काही केल्या आली नाही. संगणक बंद करून, डिस्क पूर्ण थंड होऊ देऊन, सकाळी पुन्हा एकदा प्रयत्न केला. नाहीच.

ती गोष्ट गेली. त्यानंतर बहिणीची कामं, फोटो, प्रश्नपत्रिका सगळं सुखरूप उतरलं. डिस्क बदलली. नवी डिस्क एसएसडी आहे, तिच्यात फिरणारी तबकडी नसतेच. मघाच्या हिशेबात सांगायचं तर २८ तासांची शिडी सुमारे १७ मिनिटांवर आली. खर्च नव्या संगणकाच्या तुलनेत फारच कमी. बहिणीचं काम पुन्हा दोन तासांत होतं.

पण महिनाभर आधी कुणी नक्कल काढून ठेवली असती, तर पंधराच्या पंधरा गोष्टी असत्या, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

एक पतंग

जाता जाता एक खरी गंमत. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मार्क-२ नावाचा खोलीएवढा संगणक चुकीचं वागू लागला. तंत्रज्ञांनी एकेक भाग तपासला, तर एका रिलेत अडकलेला पतंग सापडला! त्यांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि शेजारी वेळ लिहिली. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणायची पद्धत त्याच्याही आधीची. एडिसनने १८७८ सालीच तो शब्द वापरला होता. पण इथे खराखुरा किडा हाती लागला. ते पान आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जपून ठेवलेलं आहे. बघा, तिथेही बिघाड सापडल्यावर आधी काय उघडलं गेलं? वहीच!

आता तुमची पाळी

तुमचा संगणक अडखळत असेल तर हा क्रम लक्षात ठेवा. आधी महत्त्वाच्या गोष्टींची नक्कल, एक घरात आणि एक दुसरीकडे, आत्याच्या किंवा मामाच्या घरी. मग आठ दिवस वही. मग नोंदींतली नक्षी शोधा. मग एका वेळी एकच बदल, आणि त्याचा परिणाम पुन्हा वहीत. डिस्कचा पिवळा रंग दिसला तर तिथेच थांबा आणि जाणकाराला बोलवा.

आणि संगणक अडखळत नसेल तर? तर पहिली पायरी आजच करा. डिस्क रुसण्याआधीच.

परवा मी जळगावला गेलो होतो. दाजींनी ती वही मला दाखवायला आणली. 'गेम निर्दोष' या लाल अक्षरांखाली आता त्यांच्या निळ्या पेनाने एक ओळ आहे, 'मान्य. न बघता आरोप केला, चुकलो. - बाबा.' वहीचं शेवटचं पान मात्र भाचीच्या अक्षरात आहे. आजोबांची ती हरवलेली पंधरावी गोष्ट घरातल्या चौघांनी मिळून आठवून आठवून लिहून काढली आहे. मधल्या दोन वाक्यांवर अजून वाद चालू आहे. भाचा म्हणतो, आजोबा तिथे हसायचे. ताई म्हणते, खोकायचे.